कोल्ह्याचं पोट

दिवाळी सरली की धनगरांचे वाडे खाली नदीकाठाला, कराड-कोल्हापूरच्या अंगाला निघत. आमचं गाव माण तालुक्यातलं, त्यांच्या वाटेवरचं. जाताना दोन-चार रात्री त्यांची मेंढरं आमच्या रानात बसायची. रानाला लेंडीखत मिळायचं आणि त्याच्या बदल्यात आण्णा त्यांना जोंधळं मोजून द्यायचे. हा व्यवहार आजोबांपासून चालत आलेला. 1986 साली मी सहावीत होतो. त्या साली खत तर मिळालंच, वर एक कुत्रंही मिळालं.

वाड्यावरचं ते तरणं कुत्रं मागच्या पायानं लंगडत होतं. काटा मोडून पाय सुजलेला. रंगानं तांबूस, शेपटी झुबकेदार, तोंड निमुळतं. लांबून बघितलं तर कोल्हाच. म्हातारा धनगर आण्णांना म्हणाला, "मालक, ह्येला ठिवून घ्या. ह्येच्यानं चालायचं न्हाई. वाटंत सोडून जायचं म्हंजे जिवावर येतंय. तुकडाभर भाकर घाला, राखण करंल."

आमचं आधीचं कुत्रं साप चावून मेलं होतं. तेव्हापासून आण्णांनी कुत्र्याचं नाव काढलं नव्हतं. पण या कुत्र्यानं आण्णांच्या पायावर तोंड टेकलं आणि आण्णा गप्प बसले. ते गप्प बसले म्हणजे होकार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी त्याचं नाव कोल्ह्या ठेवलं.

घरी आणल्याबरोबर आजीनं भाकरीचा तुकडा त्याच्यावरून ओवाळून टाकला आणि परळात म्हशीचं धारोष्ण दूध ओतलं. कोल्ह्यानं ते एका दमात संपवलं आणि परळ चाटून चाटून कोरडा केला. "वाड्यावर काय मिळत असंल गं बिचाऱ्याला," आजी म्हणाली. बरगड्या मोजाव्यात इतकं ते वाळलं होतं. मग काय, दिवाळीचा डबा अजून पुरता रिकामा झाला नव्हता. धाकटीनं त्याला करंजी दिली, मी चकल्या दिल्या, तात्यांनी रात्री ताटातल्या मटणाची हाडं घातली. तात्या म्हणजे माझे चुलते. शेजारच्या म्हातारीनंही पाहुणा बघायला येताना शिळी भाकर दुधात कुस्करून आणली होती. एका दिवसात कोल्ह्याला जेवढं प्रेम मिळालं तेवढं त्याला आधी वर्षात मिळालं नसेल.

दुसऱ्या दिवशी पहाटे आई सडा टाकायला उठली ती नाकाला पदर लावूनच परत आली. अंगणात चार ठिकाणी पातळ हागणं पडलं होतं.

"नवं पाणी हाय, व्हईल बरं," आजी म्हणाली. कोणालाच त्याचं विशेष वाटलं नाही. कुत्र्याच्या पोटाची काळजी करायची रीत आमच्याकडं नव्हती. पण चार दिवस झाले, आठवडा झाला, तरी हगवण थांबेना. एखाद्या दिवशी जरा घट्ट व्हायचं. मग आजी म्हणायची, "बघा, म्हटलं नव्हतं?" आणि दुधाचा परळ पुन्हा भरायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाण्यासारखं. त्यात शेंबडासारखी चिकटी दिसायला लागली. एकदा रक्ताची तारही दिसली.

आईचे फार हाल झाले. पहाटे उठून राख टाकायची, फावड्यानं उचलायचं, त्यावर शेणानं सारवायचं. संध्याकाळी पुन्हा तेच. वाड्यावरच्या कुत्र्याला एक शिस्त असते. सुरुवातीला कोल्ह्या लंगडत का होईना, शेराच्या कुंपणापलीकडं जाऊन बसायचा. पुढं त्याला तेवढंही निभेना. दारातच व्हायचं, आणि झाल्यावर तो कान पाडून, शेपूट पोटाखाली घालून भिंतीकडं तोंड करून बसायचा. त्याचं ते भिंतीकडं तोंड करून बसणं मला बघवत नसे.

मग उपायांना सुरुवात झाली. आजीनं मीठ-मोहरीनं नजर काढली. डाळिंबाची साल उगाळून पाजली. दहीभात घालून बघितला. सुंठ गुळात घालून दिली, ती त्यानं ओकून टाकली. मार्गशीर्षाच्या प्रतिपदेला म्हसवडला सिद्धनाथाचा रथ असतो. आण्णा रथाला निघाले तेव्हा आजीनं त्यांच्याजवळ कोल्ह्याच्या नावानं एक नारळ दिला. आण्णा हसले, पण नारळ पिशवीत घातला. येताना अंगारा आणला, तो मी कोल्ह्याच्या कपाळाला लावला. तोवर कोल्ह्या मान उचलायचाही कंटाळा करत होता.

तात्यांचं म्हणणं वेगळंच होतं. "आदी त्येचं पानी तोडा. वरून वततायसा म्हनून खालनं निघतंय. दोन दिस पान्याचा थेंब दावू नगा, आपसूक बंद हुतंय." घरात हे सगळ्यांना पटलं. आमच्याकडं माणसाला ढाळ लागली तरी हेच करत. पाण्याची डोणी उपडी करून ठेवली. दिवसभर कोल्ह्या त्या उपड्या डोणीजवळ बसून राहिला. संध्याकाळी हगवण थोडी कमी झाली खरी, पण त्याचे डोळे खोल गेले होते, नाक खापरासारखं कोरडं पडलं होतं.

ते बघून तात्या म्हणाले, "आता एकच. पोटाला डाग द्यायचा." त्यांनी विळा चुलीत तापत घातला. आई भाकरी थापत होती. तिनं काही न बोलता पिठाच्या हातानं विळा ओढून काढला आणि काठवटीतल्या पाण्यात बुडवला. चर्र आवाज झाला.

"ह्या घरात परत डाग न्हाई," ती म्हणाली.

आई तात्यांपुढं कधी तोंड वर करून बोलत नसे. तात्या उठून बाहेर गेले. तिच्या बोलण्यातलं ते 'परत' तेव्हा माझ्या कानांवरून गेलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आई मला म्हणाली, "सायकलीवर घालून न्हे त्येला जनावरांच्या दवाखान्यात. शेजारच्या गावात डाक्टर ऱ्हातोय म्हनं, रविवारी बी बघतोय." आण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "कुत्र्याला दवाखाना? लोकं हसतील की." पण सायकलीची हवा त्यांनीच भरून दिली आणि कॅरिअरला पाटी बांधली. पाटीत पोतं अंथरून कोल्ह्याला बसवलं. निघताना आईनं एक काडेपेटी हातात ठेवली. "डाक्टरला दाव. बैलाचं शेन तपासत्यात तसं ह्येचं तपासतील." तिनं पहाटेचं त्यात भरून वर बाभळीचा पाला लावला होता. आईला हे कुणी शिकवलं, कुणास ठाऊक.

दोन कोसांच्या वाटेवर लोक हसलेच. "काय रं, कोल्ह्याची वरात काढलीस व्हय?" असं एकजण म्हणाला. मी मान खाली घालून पायडल मारत राहिलो.

दवाखान्यासमोर एक बैल, एक म्हैस आणि दोन शेळ्या नंबर लावून उभ्या होत्या. डॉक्टर तरुण होते, लातूरकडचे असावेत बोलण्यावरून. आमचा नंबर आला तेव्हा त्यांनी कोल्ह्याला टेबलावर घेतलं. त्याच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून वर ओढली आणि सोडली. ती लगेच खाली बसायला पाहिजे, पण उभीच राहिली आणि सावकाश खाली गेली. "पाणी आटलंय अंगातलं," डॉक्टर म्हणाले. मग ओठ वर करून हिरड्या बघितल्या. माझ्याही हिरड्या त्यांनी मला आरशात बघायला लावल्या. माझ्या लाल होत्या, कोल्ह्याच्या चुन्यासारख्या पांढऱ्या.

"काय खायला घालता?"

मी सांगायला लागलो. दूध. दहीभात. करंजी. हाडं. शेजारच्या आजींची दूधभाकर. सुंठ-गूळ. डाळिंबाची साल. अंगारा.

"आणि आधी वाड्यावर काय खायचं?"

"ताकातली कण्यांची आंबील, वाळली भाकर. कधी मेलेलं कोकरू."

डॉक्टर हसले नाहीत. काडेपेटी घेऊन आत गेले. थोड्या वेळानं त्यांनी मला बोलावलं आणि सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावायला सांगितलं. शाळेत त्याचं चित्र होतं, यंत्र नव्हतं. आधी मला माझ्याच पापण्या दिसल्या. मग एकदम उजेड आला आणि त्या उजेडात काचेच्या लांबट गोट्या तरंगताना दिसल्या. पातळ कवच, आत चार-सहा ठिपके.

"ही हुकवर्मची अंडी," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या पुस्तकात अंकुशकृमी लिहिलेलं असतं ना, त्याचाच भाऊबंद. आतड्याला तोंडानं धरून लोंबकळतो आणि रक्त पितो. म्हणून हिरड्या पांढऱ्या. पिल्लाला तर हा आईच्या दुधातूनही येतो."

मग त्यांनी समोर बसवून मला नीट समजावलं. एवढ्या मोठ्या माणसानं मला बसवून काही सांगायची ती पहिली वेळ, म्हणून शब्द न् शब्द लक्षात राहिला. कोल्ह्याला दोन दुखणी होती आणि ती एकमेकांत मिसळली होती. एक जंतांचं. ते तो वाड्यावरून घेऊनच आला होता. दुसरं आम्ही दिलेलं. मोठ्या कुत्र्याला दूध नीट पचत नाही, दुधातली साखर आतड्यात तशीच राहते आणि पाणी ओढून घेते. त्यात खाणं एका दिवसात बदललेलं. आंबील-भाकरीवर वाढलेल्या पोटात तूप, तेल, साखर, मटण. "तुम्ही त्याचे लाड केले," ते म्हणाले, "पोटानं ते झेपवलं नाही. जरा बरं झालं की पुन्हा लाड. मग थांबणार कसं?"

गोळ्या वजनाप्रमाणं द्यायच्या, म्हणून कोल्ह्याला पोत्यात घालून ताणकाट्याला टांगलं. अकरा किलो भरला. गोळ्या आज, आणि पुन्हा पंधरा दिवसांनी. कारण आज पोटात असलेले मोठे जंत मरतील, पण अंगात लपलेली पिलावळ नंतर आतड्यात येईल. चार दिवस फक्त मऊ भात, मीठसुद्धा नको, थोडा थोडा, दिवसातून चार वेळा. मग त्यात भाकरी कुस्करून वाढवत न्यायची. दूध बंद. हागणं रोजच्या रोज उचलून लांब खड्ड्यात पुरायचं, कारण त्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या ओल्या मातीत राहतात, कुत्र्याच्या अंगात परत जातात आणि अनवाणी माणसाच्या कातडीतही शिरतात. धाकटीच्या तळपायाला महिनाभर खाज होती, वळवळती लाल रेघ उठली होती. ती मला आठवली. मी डॉक्टरांना तसं सांगितलं, तर ते म्हणाले, "तिला माणसांच्या दवाखान्यात दाखवा. आणि चपला घाला रे पोरांनो."

"आणि पाणी?" मी विचारलं. "आमी पानी तोडलंय."

डॉक्टरांचा चेहरा बदलला. "पाणी तोडल्यानंच मरतात. हगवणीनं नाही, अंगातलं पाणी संपून मरतात. माणसं काय, जनावरं काय." त्यांनी कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून दिलं. 1 लिटर उकळून गार केलेलं पाणी, 6 सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. "ही जलसंजीवनी. आरोग्य केंद्राच्या भिंतीवर चित्र असतं बघ. थोडी थोडी पाजत राहायची."

घरी आलो तेव्हा आई दारातच उभी होती. मी सायकलीवरून उतरायच्या आधीच सगळं ओरडून सांगायला लागलो. जंत, दूध, भात, गोळ्या. मोठ्या डॉक्टरसारखा हात हलवत मी म्हणालो, "आन् पानी तोडायचं नसतंय! पानी तोडल्यानंच मरत्यात, डाक्टर म्हनालं. माणसं बी!"

आई खाली बसली. उंबऱ्यावर, टेकून. मला वाटलं, वाट बघून दमली असेल.

"परत सांग," ती म्हणाली. मी परत सांगितलं. तिनं चिटोरा हातात घेतला. तिला वाचता येत नव्हतं. "कितीला किती म्हनालास?" मी सांगितलं. लिटर कसं मोजायचं हा प्रश्न आला, तर तिनं डेअरीला दूध घालायचं मापटं काढलं, राखेनं घासलं, गरम पाण्यानं धुतलं. साखर घरात चहापुरतीच असायची. तिनं डबा खरवडला, उरलेली तात्यांच्या घरातून मागून आणली. कशाला पाहिजे ते सांगितलं नाही.

ती रात्र आई कोल्ह्याजवळ बसून होती. चिमणीच्या उजेडात एक चमचा त्याच्या गालफडात सोडायची, तो गिळेपर्यंत थांबायची, मग दुसरा. मी मध्यरात्री उठलो तेव्हाही ती तिथंच होती. पहाटे कोल्ह्या उठून उभा राहिला आणि मापट्यात तोंड घालून स्वतः पाणी प्यायला.

भाताचं मात्र अवघड होतं. आमचा मुलूख जोंधळ्या-बाजरीचा. तांदूळ घरात यायचा तो सणाला नाहीतर आजाऱ्याला. कुत्र्यासाठी भात शिजतोय ही बातमी आळीत फिरायला वेळ लागला नाही. "माणसाला भाकर आन् कुत्र्याला भात," असं पाणवठ्यावर ऐकून घ्यावं लागलं. आईनं ऐकून घेतलं.

तीन दिवसांत फरक पडला. पाचव्या दिवशी पुन्हा पातळ. मी रडकुंडीला आलो. गोळ्या खोट्या निघाल्या असं वाटलं. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ती धारेच्या वेळी गोठ्याच्या दाराआड उभी राहिली. आजी आली, चरवीतलं दूध तिनं हळूच परळात ओतलं आणि कोल्ह्याच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "पी रं माज्या राजा. त्येंचं काय ऐकतोस?"

"आत्ती," आई म्हणाली.

आजी दचकली, मग चिडली. "नुसत्या भातावं कसं जगंल गं? भाताला काय बळ असतंय? मुकं जनावर दारात आलंय, त्येला उपाशी मारू?" आणि ती रडायला लागली. आजीनं आयुष्यभर एकच औषध केलं होतं, दुसऱ्याला खायला घालणं. ते औषधच बाधतंय हे तिला कसं पटावं? आईनं वाद घातला नाही. परळ उचलला आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला. त्या दिवसापासून कोल्ह्याला फक्त आई घालणार, दुसऱ्या कुणी तुकडासुद्धा टाकायचा नाही, असं ठरलं. धाकटी, मी, तात्या, शेजारची म्हातारी, सगळ्यांना तिनं घरोघर जाऊन सांगितलं. आजीला तिनं दुसरं काम दिलं, सकाळ-संध्याकाळ त्याचं हागणं बघून कसं आहे ते सांगायचं. आजी ते काम फार मन लावून करायची.

पंधरा दिवसांनी गोळ्यांचा दुसरा हप्ता दिला. त्यानंतर चार दिवसांनी पहाटे आजीची आरोळी आली. "अगं, बाहीर या समदी! घट झालंय!" आम्ही डोळे चोळत बाहेर पळालो. आण्णा कंदील घेऊन आले. शेराच्या कुंपणापलीकडं, जिथं शहाण्या कुत्र्यानं जायचं तिथं, तो ऐवज पडला होता आणि आमचं सबंध घर त्याच्याभोवती कडं करून उभं होतं. तात्याही आले. त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "व्हय की. झालंय खरं." कोल्ह्या लांब उभा राहून आमच्याकडं बघत होता. माणसं वेडी झालीत असं त्याला वाटलं असेल.

जेठात वाडा परत आला. म्हाताऱ्या धनगरानं कोल्ह्याला ओळखलंच नाही, इतका तो भरला होता. सगळी हकिगत ऐकल्यावर तो कपाळावर हात मारून म्हणाला, "वाड्यावरच्या कुत्र्याला दूध? आवं, आमच्यात कोकराला पुरत न्हाई." कोल्ह्या त्याच्यामागं वाड्यापर्यंत गेला, रात्री तिथंच राहिला. सकाळी आई भाकरी घेऊन अंगणात आली तेव्हा तो परळाजवळ बसलेला होता. पुढं दहा वर्षं तो आमच्याकडं राहिला.

उंबऱ्यावर बसलेल्या आईचा अर्थ मला कळला तो पुष्कळ वर्षांनी, माझ्या मुलीला ढाळ लागली तेव्हा. माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता, एवढं मला ठाऊक होतं. घरात त्याचं नाव कुणी काढत नसे. त्या रात्री मुलीला चमच्यानं पाणी पाजता पाजता आईनं सांगितलं. बहात्तरचा दुष्काळ. ती आणि आण्णा खडी फोडायला जात. पोर झाडाला बांधलेल्या झोळीत. उन्हाळ्यात त्याला ढाळ लागली. जाणत्या माणसांनी सांगितलं, पाणी तोडा. तिनं तोडलं. पोटाला डाग दिला. पोर मडक्याकडं बोट दाखवायचं. तिनं मडकं झोळीपासून लांब, त्याला दिसणार नाही असं दगडाआड ठेवलं. तिसऱ्या दिवशी बोट दाखवायचं थांबलं.

"मला कुनी सांगितलंच न्हाई," आई म्हणाली. "तू आलास आन् सायकलीवरनं वरडत सांगितलंस."

मी काय बोलणार होतो? मुलगी झोपली होती. आईनं आणखी एक चमचा तिच्या ओठांना लावला.

डेअरीचं ते मापटं मग दुधाला कधी वापरलं गेलं नाही. ते आईच्या खिडकीत पालथं असायचं, शेजारी एक चमचा. वाडी-वस्तीवर कुणाच्या पोराला ढाळ लागली असं कानांवर आलं की आई ते पदराखाली घेऊन निघायची. अंधार असला तर कोल्ह्या पुढं चालायचा. लोक म्हणायचे, बाई दवाखान्याला जा म्हणते आणि जाईपर्यंत स्वतः पाणी पाजत बसते. तिच्याजवळ सांगायला एकच गोष्ट होती आणि ती दारातूनच सांगत आत जायची, "पानी तोडू नगा बाई. पयल्यांदा चूल पेटव, पानी ठिव."